उष्टं चालणार नाही

सरांवर माझा राग आहे. होता असं म्हणणार नाही, कारण तो अजून आहे, आणि हे लिहून तो कमी होईल अशी माझी अपेक्षाही नाही. त्यांच्या हाताखाली मी बरीच वर्षं काढली. 'उद्यापासून येत नाही' असं मनातल्या मनात म्हटलं नाही, असा एक दिवस मला त्या काळातला आठवत नाही. आणि तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी लालबागच्या त्या जिन्यावर हजर असायची, हा राग वेगळाच.

आमचं काम काय, हे मला आजवर कोणालाही एका दमात सांगता आलेलं नाही. कंपन्या एकमेकींशी कोर्टात भांडतात, भागीदार भागीदाराशी भांडतो, मालक नोकराशी भांडतो. हल्ली त्या भांडणातला निम्मा पुरावा कॉम्प्युटरमध्ये आणि मोबाइलमध्ये असतो. तो बाहेर काढायचा, धक्का न लावता जपायचा, हजारो मेल आणि मेसेजमधून कामाचे तेवढे शोधायचे आणि वकिलांपुढे ठेवायचे. दादरला आमच्या सोसायटीत हे नीट समजावून सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे प्रिंटर दुरुस्त करतेस का गं तू?" ज्यांना जरा जास्त समजायचं त्या काकू लिफ्टपाशी गाठून, नवऱ्याचे मेसेज बघता येतील का, असं हळूच विचारायच्या. मी एलएलबी झाले होते, वर एक महागडा कोर्स केला होता. काचेची केबिन, भिंतभर स्क्रीन, थंडगार एसी असलं काहीतरी डोक्यात घेऊन मी इंटरव्ह्यूला गेले.

ऑफिस निघालं मसाल्याच्या डंकाच्या वर. उन्हाळा आला की अर्ध्या मुंबईच्या बायका वर्षाचा मसाला कुटून घ्यायला त्या गल्लीत येतात. खाली मिरची कुटली जायची आणि वर आम्ही शिंकायचो. केवढाल्या अफरातफरीचे मेल मी डोळे पुसत, नाकाला रुमाल लावून वाचलेत. मिरचीची धूळ हार्ड डिस्कवर बसू नये म्हणून सरांनी सगळ्या डिस्क साड्यांच्या चेनवाल्या कव्हरांत घालून कपाटात टांगून ठेवल्या होत्या. पहिल्या दिवशी मी ते कपाट उघडलं तेव्हा मला वाटलं, चुकून कोणाच्या तरी बायकोचं कपाट उघडलं.

"सर, ऑफिस दुसरीकडे का नाही घेत आपण?" मी एकदा विचारलं.

"इथे कोणी उगाच येत नाही," सर म्हणाले.

त्यांचं उत्तर असंच असायचं. बरोबर, आणि निरुपयोगी.

सर गिरगावातले. तिथेच जन्मले, तिथेच वाढले, चाळ पाडून टॉवर झाला तरी तिथेच राहिले. उंच, किडकिडीत, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्या खांद्यापलीकडे बघायची सवय. पूर्वी एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात होते. तिथून स्वेच्छानिवृत्ती घेतली, असं ते म्हणत. बँकेतल्या लोकांनी किती हायसं वाटून त्यांना निरोप दिला असेल, याची मला पुरेपूर कल्पना आहे. मला ते 'वकीलबाई' म्हणत. मी काम चांगलं केलं की 'अहो वकीलबाई' आणि चुकलं की नुसतंच 'वकीलबाई', एवढाच फरक.

आमच्या मजल्यावरचं टॉयलेट सामाईक होतं आणि त्याची चावी ऑफिसात खिळ्याला असायची. ती चावी कोणी घेतली, कोणाच्या हातून घेतली, कोणाच्या हातात परत दिली, याची वहीत सही करावी लागे. मला वाटलं, नव्या माणसाची चेष्टा करतायत. नव्हती चेष्टा. पुरावा जप्त केल्यापासून कोर्टात पोचेपर्यंत कोणाकोणाच्या हातून गेला याची साखळी आमच्या धंद्यात तुटून चालत नाही, हे मलाही माहीत होतं. पण म्हणून टॉयलेटच्या चावीची साखळी? "सवय लागली पाहिजे," सर म्हणाले. माझी मावशी एकदा ऑफिसात आली होती. तिलाही सही करायला लावली. मावशी त्यानंतर माझ्या लग्नाला आली, पण ऑफिसात पुन्हा आली नाही.

शब्दांचा तर त्यांनी माझा जीव खाल्ला. 'फाइल डिलीट केली' असं म्हणायचं नाही. कोणी केली? तुम्ही बघितलं का? मग 'फाइल सापडली नाही' म्हणा. 'त्याने मेल वाचला' असं म्हणायचं नाही, 'मेल उघडला गेला' म्हणायचं; वाचला की नाही ते त्याचं त्याला ठाऊक. इथवर ठीक होतं, रिपोर्टात ते शोभतंही. पण हा माणूस बाहेरही तसाच. एकदा आम्ही कोर्टाच्या कामाहून परत येताना दादरला उतरलो, तर यांना म्हणे बोंबील घ्यायचे होते. कोळीणबाई म्हणाली, "घे रे भाऊ, एकदम ताजं हाय." सर म्हणाले, "ताजं दिसतंय, असं म्हणा." बाईने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "मंग डोळ्यांनीच खा!" मी तिथल्या तिथे त्या बाईच्या पाया पडायला तयार होते. सरांना मात्र त्यात काही गैर वाटलं नाही. पुढच्या बाईकडे जाऊन त्यांनी तेच सांगितलं.

आता उष्ट्याचं सांगते, कारण त्यावरून आमच्या ऑफिसची अर्धी कामं गेली.

डिस्क तपासायची तर ती सरळ कॉम्प्युटरला जोडून चालत नाही. नुसती जोडली, नुसतं उघडून बघितलं, तरी आतल्या तारखा बदलतात, काही ना काही लिहिलं जातं. म्हणून मध्ये एक छोटी डबी बसवायची असते. तिच्यातून वाचता येतं, लिहिता येत नाही. ही डबी न बसवता कोणी डिस्कला हात लावला, की सर म्हणत, "उष्टी केलीत." बाकी जगात याला दुसरे शब्द आहेत, इंग्रजीत तर भरपूर आहेत. सर मोठमोठ्या वकिलांसमोर, सूटबूटवाल्या डायरेक्टरांसमोर हाच शब्द वापरत. "उष्टं चालणार नाही." अमराठी माणसाने अर्थ विचारला तर म्हणत, "झूठा. खाया हुआ." तो बिचारा आणखी गोंधळात पडे.

एका बिल्डर मंडळींचं काम मी खूप खटपट करून आणलं होतं. काका-पुतण्याचं भांडण, पुतण्याचा लॅपटॉप. लॅपटॉप घेऊन त्यांचा आयटीवाला स्वतः जिना चढून आला, शिंकला, आणि हसत म्हणाला, "सर, मी जस्ट चालू करून बघितला, चालतोय व्यवस्थित." सर उठले. लॅपटॉप पुन्हा त्याच्या बॅगेत ठेवला, चेन लावली, बॅग त्याच्या हातात दिली आणि नमस्कार केला.

"अहो सर, जस्ट चालू केला!"

"पंगत बसायच्या आधी कोणी जस्ट चाखलेलं तुम्ही देवाला दाखवता का?"

"देवाचा काय संबंध?" आयटीवाला माझ्याकडे बघून म्हणाला.

मी काय सांगणार? उष्टं झालं तरी तसं रिपोर्टात लिहून काम करता येतं, सगळं जग करतं. काय चालू केलं, कधी चालू केलं, एवढं नोंदवायचं आणि पुढे जायचं. हे मी सरांना त्या दिवशी, त्याच्या दुसऱ्या दिवशी आणि पुढचा आठवडाभर सांगत होते. ते माझ्या खांद्यापलीकडे बघत ऐकून घेत होते. काम गेलं ते गेलंच.

पण या सगळ्याहून भयंकर होतं त्यांचं वाचणं.

साधारणपणे आमच्याकडे शब्द टाकून शोधतात. 'पेमेंट' टाका, 'कमिशन' टाका, मशीन तेवढे मेल पुढ्यात आणून देतं. सरांचा त्यावर विश्वास नव्हता, आणि वाईट म्हणजे त्यात त्यांचं थोडं बरोबर होतं. आपले लोक मोबाइलवर मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात आणि प्रत्येक जण आपल्या मनाने लिहितो. 'झालं' हा एकच शब्द दहा जण दहा तऱ्हांनी लिहितात. मशीनला काय कळणार? म्हणून सर चॅट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत, आणि मनात नाही, मोठ्याने. "मराठी कानाने कळतं," म्हणत. लिहिणारा सातारचा असेल तर सातारी हेल काढून, बाई असेल तर बाईच्या सुरात. आणि चित्रंसुद्धा! "साहेब उद्या येतो. जोडलेले हात. जोडलेले हात. गुलाबाचं फूल." "गुड मॉर्निंग. उगवता सूर्य. चहाचा कप. अंगठा." एका मालकाने मॅनेजरला घातलेल्या शिव्या त्यांनी दिवसभर अशाच शांत, स्पष्ट आवाजात वाचल्या. खालचे डंकवाले वर येऊन विचारून गेले, "मॅडम, सगळं ठीक आहे ना?" मी कानात बोळे घातले, हेडफोन लावले, एकदा तर जिन्यात जाऊन बसले. काही उपयोग झाला नाही. आजही कोणी मला जोडलेले हात पाठवले की मला सरांचा आवाज ऐकू येतो.

ही एवढी तक्रार मी ज्यासाठी सांगितली, ती वरळीची केस.

हॉस्पिटलांना लागणारी यंत्रं आणणारी एक कंपनी होती. तिच्या खरेदी विभागात एक बाई खूप वर्षं नोकरीला. लालबागच्याच, आमच्या ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहणाऱ्या. घरचे मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते. कंपनीचा एका पुरवठादाराशी तंटा लागला आणि त्याचे जुने कागद लागले, तर ते कुठेच मिळेनात. बाईंच्या हाताखालच्या माणसाने ते आपल्या कॉम्प्युटरवरून काढून टाकले होते, आणि तो नोकरी सोडून दुसऱ्या शहरात निघून गेला होता. जाताना एवढंच सांगून गेला की, मॅडमनीच सांगितलं. कंपनीने बाईंना दिलेला मोबाइल काढून घेतला, त्याची रीतसर नक्कल करून मूळ सील केला, आणि नक्कल तपासली, तर खरंच मेसेज होता. इंग्रजी अक्षरांत, मालवणीत: 'त्या सप्लायरचा जुना सगळा टाकून दी आज.'

कंपनीच्या वकिलांनी त्याचं इंग्रजी करून घेतलं: त्याचं जुनं सगळं आज फेकून दे. पुरावा नष्ट केला, पुरवठादाराला सामील झाल्या, असा आरोप ठेवून बाईंना निलंबित केलं. बाईंना दिलं गेलं ते आरोपपत्र पूर्ण इंग्रजीत. मूळ मेसेज त्यात नव्हता, नुसतं भाषांतर होतं. बाईंनी उत्तर दिलं, असं मी कधी लिहिलंच नाही. झालं! मोबाइलमध्ये मेसेज आहे आणि बाई नाही म्हणतायत, म्हणजे वर खोटंही बोलतायत. एवढ्या वर्षांची नोकरी, आणि आता नुसती नोकरी नाही, नावही जाणार. ज्या लाइनमध्ये सगळे एकमेकांना ओळखतात तिथे असा शिक्का बसला की पुन्हा कोण उभं करतं?

चौकशीसाठी एक निवृत्त न्यायाधीश नेमले होते. दोन्ही बाजूंना मान्य असलेला तज्ज्ञ म्हणून त्यांनी मोबाइल सरांकडे पाठवला. तो मात्र व्यवस्थित, कोणी न चाखलेला आला. सर दिवसभर खुशीत होते.

मेसेज बघितल्याबरोबर मी म्हटलं, "सर, हे फेकून दे नाहीये. ग्रुपवर टाकून दे, मेल टाकून दे, असं आपण रोज म्हणतो की. शेअर्ड ड्राइव्हवर टाकून दे म्हणत असतील त्या."

"असेल."

"असेल काय? मीही असंच बोलते!"

"तुम्ही लिहिलाय का हा मेसेज?"

"मग ज्यांनी लिहिलाय त्यांना विचारू या. चौकशी अधिकाऱ्यांमार्फत लेखी प्रश्न पाठवता येतो. एका ओळीचं काम आहे, सर. मेसेज दाखवायचा आणि म्हणायचं, बाई, याचा अर्थ काय?"

सरांनी मान हलवली. "माणसाला विचारलं की तो आठवून सांगतो. आठवण म्हणजे हाताळलेली वस्तू. उष्टी."

मी टेबलावर हात आपटला. खरंच आपटला, चहा सांडला. सरांनी चहा पुसला आणि बाईंचं चॅट पहिल्यापासून मोठ्याने वाचायला घेतलं. सगळं. कंपनीचा मोबाइल असला तरी बाईंचं सगळं आयुष्य त्याच एका मोबाइलवर होतं. कणकवलीच्या बहिणीशी बोलणं, नणंदेशी भांडण, भिशीच्या ग्रुपवरची थट्टा. खाली डंक चालू, वर सर मालवणी हेल काढून बाईंच्या आवाजात, "गो, जेवलंस काय? हसरा चेहरा." मी आठवडेच्या आठवडे त्या बाईंना न भेटता त्यांच्या घरात राहिल्यासारखी राहिले. त्यांची आई आजारी पडली तेव्हा मला धसका बसला. आई गेली तेव्हा सरांनी बहिणीचा मेसेज वाचला, 'आई गेली गो', आणि तीच ओळ पुन्हा एकदा, हेल न काढता वाचली. मग पुढे वाचलं. जोडलेले हात, जोडलेले हात, जोडलेले हात, नातेवाइकांचे.

आणि 'टाकून दी' जागोजागी होतं. गणपतीचो फोटो टाकून दी. लग्नाची पत्रिका टाकून दी. भिशीचो हिशोब ग्रुपार टाकून दी. फेकण्याबद्दल बाई जिथे जिथे बोलल्या होत्या तिथे शब्दच वेगळा होता: 'उडय'. जुने पेपर उडय, नासलेलं दूध उडय. बाईंनी एकदाही त्याची सरमिसळ केली नव्हती. ऐकताना मी कानातले बोळे काढून ठेवले, हे कबूल करते. सरांना एवढंच हवं होतं. त्यांनी तक्ता केला, रिपोर्ट लिहिला, आणि वाचून दाखवायचे मेसेज निवडले.

त्या निवडीत एक होता बहिणीला पाठवलेला. 'आईचो रिपोर्ट टाकून दी. माका झोप नाय.'

"सर, हा नको," मी म्हटलं. "गणपतीचा घ्या, पत्रिकेचा घ्या. पुष्कळ आहेत. कंपनीतले लोक बसलेले असणार तिथे."

"गणपतीचा फोटो फेकून दे म्हटलं असेल असं कोणीही म्हणू शकतो. जुना असेल, खराब आला असेल. आईचा रिपोर्ट फेकून दे, असं कोणी म्हणणार नाही."

पुन्हा बरोबर! या माणसाशी भांडायची हीच पंचाईत होती. चुकला असता तर बरं झालं असतं.

चौकशी वरळीला कंपनीच्याच ऑफिसात झाली. लांबलचक टेबल, समुद्राकडची खिडकी, पडदे लावून घेतलेले. एका बाजूला कंपनीचे वकील, पर्सनल खात्याचे साहेब, बाईंचे मॅनेजर. दुसऱ्या बाजूला बाई आणि त्यांच्या मदतीला आलेला युनियनचा एक माणूस. बाईंना मी पहिल्यांदाच बघत होते. वाटलं होतं त्यापेक्षा लहानखुऱ्या, कडक इस्त्रीचा ड्रेस, मांडीवर मोठी पिशवी. ओळख असल्यासारखी मी हसले आणि मग लक्षात आलं, त्यांच्या दृष्टीने मी कोणीच नव्हते.

सर उभे राहिले आणि वाचू लागले. मी डोळे मिटून घेतले. त्यांनी ऑफिसात वाचतात तसंच वाचलं, हेल काढून, बाईच्या सुरात, चित्रांसकट. पहिल्या मेसेजलाच पर्सनलच्या साहेबांना हसू आलं. भिशीच्या मेसेजमध्ये बाईंनी आपल्या मॅनेजरला 'बोको' म्हटलं होतं. सरांनी तेही गाळलं नाही, आणि वर चौकशी अधिकाऱ्यांना, "बोको म्हणजे बोका," असं समजावूनही सांगितलं. मॅनेजर लाल झाले. कोणीतरी हसू दाबण्यासाठी पाणी प्यायलं. मग सरांनी तो मेसेज वाचला.

"आईचो रिपोर्ट टाकून दी. माका झोप नाय."

कोणी हसलं नाही. बाईंनी पिशवीचा बंद हाताला गुंडाळला आणि टेबलाकडे बघत बसल्या.

कंपनीचे वकील उठले. "आर यू अ लँग्वेज एक्स्पर्ट?"

"नाही," सर म्हणाले. "अर्थ मी सांगत नाही. वापर दाखवतो."

चौकशी अधिकाऱ्यांनी तक्ता पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत बघितला. मग मूळ मेसेजचा कागद बाईंच्या पुढे सरकवला. इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांसमोर येत होता. "हे तुम्ही लिहिलंत?" बाईंनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि म्हणाल्या, "होय साहेब. ह्यां मीच लिवलंय." अधिकारी वकिलांकडे वळून म्हणाले, "म्हणजे या पाठव म्हणाल्या आणि त्याने फेकलं. यात या बाईंचा काय अपराध?" पुढे अर्धा तास कायद्याची भाषा झाली, पण निकाल तिथेच लागला होता. आरोप मागे, निलंबन मागे, सोमवारपासून कामावर. मॅनेजर हात मिळवायला पुढे आले तेव्हा बाईंनी नमस्कार केला.

आम्ही सामान आवरून लिफ्टपाशी आलो. मी खूश होते, भुकेली होते, आणि आज निदान एक दिवस सरांशी भांडायचं नाही असं ठरवलं होतं. मी बटण दाबलं. मागून बाईंचा आवाज आला, "साहेब, थांबा जरा."

सर थांबले. बाई एकट्याच होत्या, युनियनचा माणूस आत सह्या करत होता.

"उपकार झाले साहेब तुमचे. नोकरी ऱ्हवली."

"उपकार कसले? जे होतं ते वाचलं."

"व्हय. वाचलात." बाईंनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "माझी आई गेली, तांय वाचलात असाल?"

सर नेहमीप्रमाणे त्यांच्या खांद्यापलीकडे बघत होते. "हो," ते म्हणाले. "वाचलं."

"सगळां वाचलात. माझ्या बहिणीचां, नणंदेचां, सगळां. येवढे दिवस घरात बसलंय मी. शेजारीण इचारी, काय गो, सुट्टी काय? तिका काय सांगू? पण मेसेज दाखवून माका कोणीच इचारूक नाय साहेब. कंपनीन इचारूक नाय, वकिलान इचारूक नाय, तुम्ही पण नाय. बाये, ह्यां तू लिवलंस, तर ह्येचो अर्थ काय? येवढांच इचारूचां होतां."

"तुम्ही सांगितलं असतंत," सर म्हणाले, "पण ते कोणी मानलं नसतं."

"नसतां मानलां तर नसतां मानलां," बाई म्हणाल्या. "इचारूचां तरी."

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. लिफ्ट आली, दार उघडलं. सर आता उष्ट्याचं काहीतरी बोलणार आणि मी त्यांना इथेच, या पॅसेजमध्ये, सगळ्यांदेखत काहीतरी भयंकर बोलणार, याची मला खात्री होती. मी तोंड उघडलंही होतं.

सरांनी हातातली बॅग खाली ठेवली. बाईंच्या समोर येऊन उभे राहिले आणि थेट त्यांच्या चेहऱ्याकडे बघून, शाळेत उभं राहून विचारावं तसं विचारलं, "बाई, 'टाकून दी' असं तुम्ही लिहिलंत. त्याचा अर्थ काय?"

मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. चौकशी संपली होती. निकाल लागला होता, अधिकारी सही करून दुसऱ्या लिफ्टने खालीही गेले होते. आता बाई जे काही सांगतील ते कुठल्याही रिपोर्टात बसणार नव्हतं, कोणाच्याही कामाचं नव्हतं. जेव्हा विचारा म्हणून मी टेबलावर हात आपटत होते तेव्हा या माणसाने चहा पुसला होता, आणि आज, आज विचारतोय! बाई आता काय म्हणतील? थट्टा करता काय माझी, म्हणतील, आणि म्हणाव्यातच.

बाईंनी पिशवी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, ओढणी सारखी केली.

"म्हणजे असां साहेब," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी माका कळलां होतां की भांडाण लागतलां. मग वकील येतले, कागद मागतले. आमचे कागद म्हणजे थोडे ह्येच्याकडे, थोडे त्येच्याकडे. म्हटलां, सगळां एका जाग्यार आसलां तर सोदूक नको. म्हणान मी त्याका लिवलंय, टाकून दी. आमच्या शेअर्ड ड्राइव्हार, सगळ्यांका दिसात तिथे. पाठव, म्हणजे. कायच हरवाक नको, म्हणान."

बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते पुसले नाहीत. त्यांच्या 'म्हटलां' ला आणि 'कळलां होतां' ला सरांनी कुठेही अडवलं नाही. लिफ्टचं दार माझ्या पाठीमागे बंद झालं आणि ती रिकामीच खाली गेली.

"मग?" सर म्हणाले.

आणि बाई पुढे सांगू लागल्या.